कॅनडा पीआर: अर्ध्या बँडमुळे अडकलेले पॉइंट कसे सोडवायचे

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्यासाठी, इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि आयेल्ट्स या परीक्षेचा रिझल्ट आला की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, ओव्हरऑल बँड (नऊपैकी एकूण स्कोअर) किती? आणि समोरचा पण खुशीत सांगतो, साडेसात. छानच आहे, पेढे वाटा, पण कॅनडाच्या आयआरसीसीला (इमिग्रेशन खात्याला) त्या ओव्हरऑलशी काहीएक घेणंदेणं नाही. एक्स्प्रेस एन्ट्रीच्या (पॉइंट मोजून पीआरचे अर्जदार निवडायची पद्धत) प्रोफाइलमधे चार मॉड्युलचे चार स्कोअर वेगवेगळे टाकायचे असतात आणि प्रत्येकाचं सीएलबी (कॅनडाची इंग्रजी मोजायची पट्टी) लेव्हलमधे रूपांतर होतं, पॉइंट त्या लेव्हलला मिळतात. म्हणून क्लास लावायच्या आधी, पुस्तकं मागवायच्या आधी, कागद-पेन घेऊन तुमचं स्वतःचं गणित मांडा. तासभर लागेल, पण कुठल्या मॉड्युलवर घाम गाळायचा हे त्यातूनच कळतं.

सीएलबी ९ हा आकडा डोक्यात फिट करून ठेवा. आयेल्ट्स जनरल ट्रेनिंगमधे (ॲकॅडमिक नाही हं, पीआरला ॲकॅडमिक चालत नाही, आणि दर वर्षी कोणीतरी चुकीची परीक्षा बुक करतंच) सीएलबी ९ म्हणजे लिसनिंग ८, रीडिंग ७, रायटिंग ७, स्पीकिंग ७. इथे गोम काय आहे बघा, लिसनिंगला ७ आले तर ती सीएलबी ७ धरतात, साडेसातला ८ आणि आठला ९. म्हणजे चारही मॉड्युलमधे सात-सात-सात-सात आणलेला माणूस स्वतःला सेफ समजत असतो आणि लिसनिंगमधे तो दोन पायऱ्या खाली असतो. बाकी तीन मॉड्युलना साडेसहा म्हणजे सीएलबी ८.

आता पॉइंट. एकटा अर्जदार असेल (नवरा-बायको बरोबर नाही) तर पहिल्या भाषेचे प्रत्येक मॉड्युलमागे सीएलबी ७ ला १७, ८ ला २३, ९ ला ३१ आणि १० किंवा वर गेलात तर ३४. नुसतं हे पाहून वाटतं, ठीक आहे, एका मॉड्युलमधे ८ च्या जागी ९ आणली तर आठ पॉइंट वाढतील, त्यासाठी पुन्हा हजारो रुपयांची फी कोण भरणार. पण खरा खेळ पुढे आहे. सीआरएसमधे (एक्स्प्रेस एन्ट्रीचे एकूण पॉइंट मोजायची पद्धत) स्किल ट्रान्सफरेबिलिटी नावाचा भाग असतो, १०० पॉइंटांचा, त्यात तुमचं शिक्षण आणि भारतातला अनुभव हे भाषेशी जोडून मोजतात, आणि तिथे अट अशी की चारही मॉड्युलला सीएलबी ९ पाहिजे. एकात जरी ८ असली तरी पॉइंट थेट निम्मे.

उदाहरण घेऊ. वय ३०, लग्न नाही, मास्टर्स झालंय, ईसीए (आपली डिग्री कॅनडातल्या कुठल्या शिक्षणाच्या तोडीची ते सांगणारा रिपोर्ट) झालंय, भारतात तीन वर्षांहून जास्त अनुभव, कॅनडात काही नाही. वयाचे १०५, शिक्षणाचे १३५. लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग सीएलबी ९ आणि रायटिंग साडेसहा, म्हणजे ८. भाषेचे झाले ९३ अधिक २३, म्हणजे ११६. ट्रान्सफरेबिलिटीचे शिक्षणाचे २५ आणि अनुभवाचे २५. एकूण ४०६. आता याच माणसाने रायटिंगमधे फक्त अर्धा बँड वाढवला, सातवर आणला, तर भाषेचे १२४, ट्रान्सफरेबिलिटीचे ५० अधिक ५०, एकूण ४६४. अर्ध्या बँडला ५८ पॉइंट! आणि तिथून पुढे रक्त आटवून चारही मॉड्युल सीएलबी १० ला नेली तरी वाढतात फक्त १२. त्यामुळे ९ पर्यंत जिवाचं रान करा, ९ च्या पुढे जाण्यासाठी परत परत परीक्षा देण्यात माझ्या मते पैसे घालवू नयेत, तो वेळ दुसरीकडे लावा, कुठे ते शेवटाकडे सांगतो.

जोडप्याने अर्ज करत असाल तर दोघांची परीक्षा द्या. मुख्य अर्जदाराचे भाषेचे पॉइंट थोडे कमी होतात (सीएलबी ९ ला ३१ च्या जागी २९) आणि जोडीदाराच्या चारही मॉड्युलला सीएलबी ९ असेल तर २० पर्यंत मिळतात. "तिला कशाला परीक्षा, ती डिपेंडंट आहे" हे घरोघरी ऐकू येतं. अहो, दोन्ही बाजूंनी गणित मांडून बघा, पुष्कळदा बायकोला मुख्य अर्जदार केलं की स्कोअर जास्त येतो, कारण वय कमी आणि इंग्रजी बरं.

कुठली परीक्षा द्यायची

इंग्रजीसाठी तीन चालतात, आयेल्ट्स जनरल, सेलपिप जनरल आणि २०२४ च्या जानेवारीपासून पीटीई कोअर. पीटीई सोपी, मशीनच तपासतं, भराभर बोललं की झालं, असं व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत असतं. पण सीएलबी ९ साठी पीटीई कोअरला किती लागतात ते आधी बघा, लिसनिंग ८२, रीडिंग ७८, स्पीकिंग ८४ आणि रायटिंग ८८, सगळं ९० पैकी. रायटिंगला ९० पैकी ८८! म्हणजे चुकायला जागाच नाही. ऑस्ट्रेलियावाल्या मित्राने पीटीई ॲकॅडमिक दिली आणि त्याला जमली, त्यावरून तुम्ही ठरवू नका, ती परीक्षा वेगळी आणि तिचे कटऑफही वेगळे. ज्यांचं टायपिंग वेगात आहे, स्पेलिंग पक्कं आहे आणि माणसासमोर बोलताना घशाला कोरड पडते त्यांनी मात्र पीटीईचा मॉक (सराव परीक्षा) जरूर द्यावा.

सेलपिप पूर्ण कॉम्प्युटरवर, तीन तासांची, एकाच बैठकीत उरकते. स्पीकिंगला समोर माणूस नसतो, हेडफोन लावून माइकमधे बोलायचं, शेजारी बाकीचे पण बोलत असतात, त्या गलक्याची सवय हवी. उच्चार कॅनडातले, विषय पण रोजचे, घरमालकाला ईमेल, ऑफिसातला सर्व्हे असलं काही. हिशोब पण सरळ, सेलपिपची ९ म्हणजे सीएलबी ९. ऑफिसात अमेरिकन-कॅनेडियन क्लायंटशी रोज कॉलवर असणाऱ्यांना ही जड जात नाही. आयेल्ट्समधे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे सगळे उच्चार कानावर पडतात, पण स्पीकिंगला माणूस असतो, तुम्ही अडखळलात तर पुढचा प्रश्न विचारून गाडी पुढे नेतो.

माझा सल्ला, तिन्हींचा एकेक पूर्ण मॉक घरी द्या, वेळ लावून, मधे चहा नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. जिथे तुमचं सगळ्यात कच्चं मॉड्युल सीएलबी ९ च्या सगळ्यात जवळ आलं ती परीक्षा तुमची. चांगली मॉड्युल कुठेही चांगलीच येतात, ती बघून परीक्षा निवडू नका. आणि एक सांगून ठेवतो, आयेल्ट्सचं लिसनिंग आणि सेलपिपचं रायटिंग असं जोडून चालत नाही, सगळे स्कोअर एकाच परीक्षेच्या एकाच बैठकीचे लागतात.

रायटिंग

आपली बहुतेक मंडळी इथेच अडकतात, साडेसहावर. आणि गंमत म्हणजे अडकलेल्यांचं इंग्रजी काही वाईट नसतं, इंजिनिअर आहेत, रोज ईमेल लिहितात, तरी साडेसहा. मग ते काय करतात, तर अवघड शब्दांच्या याद्या पाठ करतात. त्याने स्कोअर वाढायच्या ऐवजी कमी होतो, कारण पाठ केलेला शब्द चुकीच्या जागी बसला की परीक्षकाला तो लगेच टोचतो.

रायटिंगला चार निकष असतात, प्रश्नाचं पूर्ण उत्तर, मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण, चौघांना सारखं वजन. व्याकरणात सहा आणि सात यांच्यात मोठा फरक कुठला, तर सातसाठी बिनचुकीची वाक्यं वारंवार दिसली पाहिजेत. एखाद-दोन चुका चालतात, पण बहुतांश वाक्यं स्वच्छ. म्हणून हा व्यायाम करा, तुमचा एक निबंध घ्या, प्रत्येक वाक्याला नंबर द्या आणि ज्या वाक्यात एकही चूक नाही (स्वल्पविराम, अनेकवचनाचा एस, ए-ॲन-द सगळं धरून) त्याच्यावर टिक करा. पंधरा वाक्यांत पाच टिक आल्या तर तुम्हाला तुमचा साडेसहा कुठून आला ते कळलं. चुका शोधायला कोणी शिक्षक नसेल तर एखाद्या एआय चॅटबॉटला दाखवा, पण त्याला बँड विचारू नका, तो उगाच खूश करतो, त्याला फक्त "चुका दाखव आणि दुरुस्त करू नकोस" सांगा, दुरुस्ती तुम्ही करा. टिक दहा-अकरावर जाईपर्यंत नवीन निबंध लिहायची घाई नको, जुनाच परत लिहा.

मराठी माणसाच्या चुका ठरलेल्या आहेत, खरंच, दहा निबंध वाचा, त्याच त्या. पहिली म्हणजे ए, ॲन आणि द. आपल्या भाषेत ही भानगडच नाही त्यामुळे डोळ्याला ती गाळलेली दिसतच नाहीत. उपाय, चांगल्या इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, त्यातले सगळे ए-ॲन-द खोडा, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि मूळाशी ताडून बघा. रोज एक परिच्छेद, दहा मिनिटांचं काम. कंटाळवाणं आहे, पण महिनाभर केलं की डोळा तयार होतो. दुसरी चूक, "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स", मी पाच वर्षांपासून काम करतोय याचं जसंच्या तसं इंग्रजी. तिथे हॅव बीन वर्किंग आणि फॉर पाहिजे. तिसरी, "डिस्कस अबाउट", "वन ऑफ माय फ्रेंड", "मेनी पीपल इज". चौथी म्हणजे स्वल्पविरामाने वाक्याला वाक्य जोडत जाणं, मराठीत आपण ते बिनधास्त करतो, मी इथे करतोच आहे, पण इंग्रजी निबंधात दोन पूर्ण वाक्यांच्या मधे नुसता स्वल्पविराम टाकला की ती चूक धरतात. फुलस्टॉप द्या आणि पुढे चला.

जनरल ट्रेनिंगमधे पहिला टास्क पत्र, निदान १५० शब्द, साधारण वीस मिनिटं. दुसरा निबंध, निदान २५० शब्द, चाळीस मिनिटं, आणि निबंधाचं वजन पत्राच्या दुप्पट. म्हणून काही जण निबंध आधी लिहितात, चालतं. पत्रात तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्हींवर लिहायचं, एकावर सात ओळी आणि दुसऱ्यावर अर्धी ओळ असं नको. पत्ता वगैरे लिहायची गरज नसते. टोन सांभाळा, सुरुवात कशी करायची ते पेपरातच दिलेलं असतं, तिथे मित्राचं नाव असेल तर पत्र मित्रासारखंच झालं पाहिजे. आपल्याकडे शाळेत अर्ज लिहायची इतकी सवय लावलेली असते की मित्राला पण "आय ॲम रायटिंग टू इन्फॉर्म यू" करून सुरुवात होते, आणि ऑफिसातली "काइंडली डू द नीडफुल", "रिव्हर्ट बॅक", "प्रीपोन" ही मंडळी तर पत्रात घुसतातच. त्यांना बाहेर ठेवा.

निबंधात प्रश्न नीट वाचा, हे सगळे सांगतात, पण नेमकं काय वाचायचं ते कोणी सांगत नाही. शेवटची ओळ वाचा. "दोन्ही मतांची चर्चा करा आणि स्वतःचं मत द्या" असं असेल तर तीन कामं आहेत, आणि तिसरं, स्वतःचं मत, लोक शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत उरकतात. सातसाठी तुमची बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट दिसली पाहिजे, म्हणून पहिल्याच परिच्छेदात मत सांगून टाका. चार परिच्छेद, २६० ते २९० शब्द, पुरे. जास्त लिहिलं म्हणून जास्त मार्क नाहीत, चुका मात्र जास्त.

आणि मुद्दे कमी घ्या. एका परिच्छेदात तीन कारणं भरण्यापेक्षा एकच घ्या आणि ते का, कसं, त्याने काय होतं, उदाहरण काय, असं ताणून न्या. समजा विषय आला की लोक घरून काम करतात हे चांगलं की वाईट. वेळ वाचतो, पैसे वाचतात, प्रदूषण कमी होतं, असं तीन वाक्यांत संपवू नका. फक्त वेळ घ्या, हिंजवडीला रोज येऊन-जाऊन माणसाचा किती वेळ ट्रॅफिकमधे जातो, तो वाचला तर तो मुलांचा अभ्यास घेऊ शकतो, एखादा कोर्स करू शकतो, संध्याकाळी घरी चिडचिड कमी. पेपरात स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या असंच म्हटलेलं असतं, त्यामुळे हिंजवडी चालते, परदेशातल्या विद्यापीठाचा खोटा सर्व्हे ठोकायची काही गरज नाही.

शेवटची पाच मिनिटं तपासायला राखून ठेवा आणि तपासताना फक्त तुमच्या नेहमीच्या दोन-तीन चुका शोधा, सगळंच शोधायला गेलात की काहीच सापडत नाही.

लिसनिंगला आठ

लिसनिंगला ४० पैकी साधारण ३५ बरोबर आले की आठ बँड मिळतो, तर जनरलच्या रीडिंगला सातसाठीच साधारण ३४ लागतात. म्हणजे "लिसनिंगला आठ मागतात बाबा" म्हणून घाबरायचं कारण नाही, मेहनत दोन्हीकडे सारखीच आहे.

पाचच चुका परवडतात, तर त्या फालतू गोष्टींत घालवायच्या नाहीत. उत्तरातला अनेकवचनाचा एस राहिला, चूक. दोनच शब्द लिहा म्हटलंय आणि तीन लिहिले, चूक. स्पेलिंग चुकलं, चूक (ब्रिटिश किंवा अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात). कॅपिटल-स्मॉलचा घोळ होत असेल तर सगळं कॅपिटलमधे लिहा, चालतं. आणि पहिल्या सेक्शनमधे बोलणारा माणूस मुद्दाम आधी एक तारीख सांगतो मग म्हणतो नाही नाही, ती नाही, दुसरी. पहिलं ऐकलं आणि लिहिलं की फसलात. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, एक उत्तर हुकलं तर सोडून द्या, त्याचा विचार करत बसलात की पुढची दोन जातात. निगेटिव्ह मार्किंग नाही, रिकामं काही ठेवू नका.

कान तयार करायला सगळ्यात उपयोगी म्हणजे श्रुतलेखन, होय, शाळेतलं शुद्धलेखनच. बीबीसीचे शिकणाऱ्यांसाठीचे छोटे कार्यक्रम आहेत ज्यांच्याबरोबर लिहिलेला मजकूर पण मिळतो. दोन मिनिटांचा तुकडा घ्या, थांबवत थांबवत शब्द न् शब्द लिहा, मग मजकुराशी ताडा. जिथे चुकलात ते तीन प्रकारचं असतं, शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण उच्चार वेगळा होता, किंवा दोन शब्द एकमेकांत मिसळले म्हणून कळला नाही. तिसऱ्या प्रकारच्या चुका जास्त निघतील आणि त्या नुसत्या मॉक देऊन जात नाहीत. रात्री सबटायटल लावून सिरीज बघणं हा अभ्यास नव्हे, ती करमणूक आहे, करा, पण अभ्यासाच्या वहीत लिहू नका.

कॉम्प्युटरवर परीक्षा दिलीत तर शेवटी उत्तरं तपासायला दोनच मिनिटं मिळतात, कागदावरच्या परीक्षेसारखी उतरवून घ्यायला दहा नाहीत. सराव त्याच पद्धतीने करा.

रीडिंगचं थोडक्यात

६० मिनिटं, ४० प्रश्न, पहिले दोन सेक्शन जाहिराती-नोटिसा-ऑफिसचे नियम असे सोपे असतात, तिथे वेळ वाचवा आणि तिसऱ्या लांब उताऱ्याला निदान पंचवीस मिनिटं ठेवा. ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हनमधे सगळे मार खातात. उताऱ्यात उलटं म्हटलं असेल तरच फॉल्स, काहीच म्हटलं नसेल तर नॉट गिव्हन, आणि तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे ते दारातच ठेवून यायचं.

स्पीकिंग

परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. उच्चार गोऱ्यासारखे असावेत अशी कोणाचीच अपेक्षा नसते, मराठी वळण राहिलं तरी मार्क जात नाहीत, समजलं पाहिजे एवढंच. उलट अमेरिकन ॲक्सेंट काढायला गेलेली माणसं तीन मिनिटांत थकतात आणि मग सगळंच बिघडतं. त्यापेक्षा शब्दांचे शेवट पूर्ण म्हणा, वर्क्डमधला शेवटचा आवाज, फ्रेंड्समधला एस, आपण हे गिळतो आणि परीक्षकाला ते व्याकरणाची चूक म्हणून ऐकू येतं. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा आणि डब्ल्यूला ओठ गोल करा, आरशासमोर चार दिवस करून बघा.

दुसऱ्या भागात कार्ड देतात, एक मिनिट तयारी आणि मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. पन्नास सेकंदांत गाडी संपते ही सगळ्यांची तक्रार. का संपते, तर कार्डावरच्या चार मुद्द्यांची प्रश्नोत्तरं केल्यासारखी उत्तरं देतात. तुम्ही गोष्ट सांगा. "मला मदत करणारी व्यक्ती" असं कार्ड आलं तर ती व्यक्ती कोण हे एका वाक्यात सांगा आणि मग ज्या दिवशी मदत केली तो दिवस सांगा, पाऊस होता का, तुम्ही कुठे होतात, काय अडलं होतं, आधी काय वाटलं, मग काय झालं. दोन मिनिटं कशी गेली कळणार नाही. आणि गोष्ट सांगताना भूतकाळ आपोआप तऱ्हेतऱ्हेने वापरला जातो, व्याकरणाचे मार्क तिथेच.

रोज एक कार्ड, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला लाज वाटते, पहिले काही दिवस वाटूदे. ऐकताना मोजा, "ॲक्च्युअली" किती वेळा, "लाइक" किती वेळा, आणि वाक्याच्या शेवटी "ना" किंवा "ओन्ली" किती वेळा. मग तेच कार्ड लगेच परत बोला. दुसरी वेळ पहिल्यापेक्षा नेहमी बरी येते. पाठ केलेली उत्तरं मात्र नकोत, परीक्षक दिवसभर तीच ऐकत असतात, दुसऱ्या वाक्याला ओळखतात आणि मग भलताच प्रश्न टाकतात.

तिसऱ्या भागात प्रश्न तुमच्याबद्दल नसतात, समाजाबद्दल असतात, तिथे "इट डिपेंड्स" म्हणून सुरू केलंत तरी चालेल, पण मग कशावर डिपेंड्स ते दोन बाजूंनी सांगा.

सीएलबी ९ झाली, पुढे काय

आता खरं बोलायचं तर ४६४ ने आज थेट पीआरच्या अर्जाचं बोलावणं येईलच असं नाही. २०२४ मधे झालेल्या जनरल ड्रॉचे (ठरावीक स्कोअरच्या वरच्यांना बोलावणी पाठवायची फेरी) कटऑफ ५२० च्या वरच होते. २०२५ च्या २५ मार्चपासून जॉब ऑफरचे जास्तीचे पॉइंट पण काढून टाकलेत. मग उरतं काय, प्रोव्हिन्सचं नॉमिनेशन (म्हणजे कॅनडातल्या एखाद्या प्रांताने तुमची निवड करणं, त्याचे ६०० मिळतात, पण ते तुमच्या एकट्याच्या हातात नाही), आणि फ्रेंच, जी पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

फ्रेंचला चारही मॉड्युलमधे एनसीएलसी ७ (सीएलबीसारखीच, पण फ्रेंचची पट्टी) आणली आणि इंग्रजी सीएलबी ५ च्या वर आहेच, तर ५० जास्तीचे आणि दुसऱ्या भाषेचे १२, म्हणजे ६२. वरच्या उदाहरणातला माणूस ४६४ वरून ५२६ ला जातो. वर्षभर गेलं आणि वय ३१ झालं तर वयाचे ६ कमी होतात, तरी ५२०. शिवाय फ्रेंच येणाऱ्यांचे वेगळे ड्रॉ होतात, २०२४ च्या फेब्रुवारीतल्या एका फ्रेंच ड्रॉचा कटऑफ ३३६ होता. ३३६! सीएलबी १० साठी परत परत फी भरून १२ पॉइंट मिळवायचे की हे, तुम्हीच बघा.

अर्थात फ्रेंच तीन महिन्यांत येते म्हणणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. एनसीएलसी ७ म्हणजे साधारण बी२ ची पातळी (ए१ पासून सुरू होणाऱ्या युरोपियन पट्टीची चौथी पायरी), शून्यापासून सुरू केलं तर साधारण पाचशे-सहाशे तासांचं काम, नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मुंबईत आणि पुण्यात आलियान्स फ्रान्सेझ आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधेही विद्यापीठाचे फ्रेंचचे वर्ग असतात. परीक्षा मात्र टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा यापैकीच लागते, डेल्फचं सर्टिफिकेट असलं तरी पीआरला चालत नाही. शाळेत दहावीला फ्रेंच घेतलेली पुष्कळ मंडळी आहेत, मार्कांसाठी घेतली आणि विसरली, त्यांना ए१ चं अर्धं तरी परत आठवतंच, त्यांनी हा रस्ता आधी बघावा.

फी भरायच्या आधी आणि रिझल्टनंतर

परीक्षा तयारीच्या आधीच बुक करू नका, "तारीख घेतली की अभ्यास होतो" हे सगळ्यांना लागू पडत नाही. घरी वेळ लावून दिलेल्या सलग तीन मॉकमधे कच्चं मॉड्युल टार्गेटवर आलं की बुक करा. मॉकसाठी केंब्रिजचे जुने खरे पेपर वापरा, नेटवरचे फुकटचे पेपर कधी फार सोपे कधी उगाच अवघड असतात. भारतात ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, मुदत संपत आलेली असेल तर आधी ते काम करा.

रायटिंग किंवा स्पीकिंग अर्ध्या बँडने हुकलं आणि बाकी सगळं बसलंय, अशा वेळी आयेल्ट्सचं रीचेकिंग मागता येतं, रिझल्टपासून सहा आठवड्यांच्या आत, बँड वाढला तर फी परत मिळते. लिसनिंग-रीडिंगसाठी त्यात फारसा अर्थ नाही, तिथे उत्तर बरोबर किंवा चूक एवढंच असतं. रायटिंगला साडेसहा आणि मॉकमधे नेहमी सात-साडेसात येत असेल तर जरूर टाका. एकच मॉड्युल परत देण्याची जी सोय आयेल्ट्सने काढली आहे, वन स्किल रीटेक, तिच्या भरवशावर मात्र राहू नका, ऑस्ट्रेलियाला ती चालते पण कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीला आयआरसीसीने ती धरलेली नाही, पूर्ण परीक्षाच परत द्यावी लागते.

रिझल्ट दोन वर्षं चालतो, आणि तो प्रोफाइल टाकताना चालू असून भागत नाही, बोलावणं आल्यावर पीआरचा अर्ज ज्या दिवशी सबमिट कराल त्या दिवशीही चालू पाहिजे. बोलावणं आल्यावर हातात ६० दिवस असतात, त्यात पोलिस क्लिअरन्स, अनुभवाची पत्रं, बँकेचे कागद, सगळी पळापळ, तेव्हा परत परीक्षा द्यायला वेळ मिळत नाही. त्यामुळे रिझल्टला वीस-एकवीस महिने झाले आणि बोलावणं अजून आलेलं नसेल तर नव्या परीक्षेची तारीख बघायला लागा, आणि नवा स्कोअर आला की त्याच दिवशी प्रोफाइलमधे टाका.